फोल्डर दिसतो, पण सेव्ह होत नाही: घरच्या नॅसवरच्या परवानग्यांचा गुंता सोडवताना

घरात नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा फाइल साठवायचा डबा, आणला की पहिले आठ-दहा दिवस सगळं गोड असतं. तीन मोबाइल, दोन लॅपटॉप, खणातल्या पेनड्राइव्ह आणि कुरकुरणाऱ्या दोन जुन्या हार्डडिस्क यांच्यातले फोटो एका डब्यात येतात आणि आपण उगाच मिरवून घेतो. मग एका रविवारी आतल्या खोलीतून बाबांची हाक येते, "अरे, हे मला परवानगी नाही म्हणतंय! फोटो मी काढलेले, डबा माझ्या पैशाचा, आणि बंदी मलाच?"

अशा वेळी हात आपोआप एकाच ठिकाणी जातो. नॅसच्या सेटिंगमध्ये जायचं, 'एव्हरीवन'ला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, सगळे अधिकार द्यायचे आणि मोकळं व्हायचं. मीही बरेच दिवस हेच करायचो. कधी चालायचं, कधी तरीही नाही. चाललं तरी मूळ दुखणं तसंच राहायचं, आणि वर घरातली प्रत्येक फाइल कोणालाही पुसता येईल अशी सोय मी स्वतःच करून ठेवलेली असायची.

आता मी फोल्डरच्या परवानग्यांना सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी एकच गोष्ट बघतो: या क्षणी नॅस या लॅपटॉपला कोण म्हणून ओळखतोय? माझ्या घरातल्या आणि नातेवाइकांच्या घरातल्या बहुतेक तक्रारी तिथेच सुटल्या आहेत. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडू नका, नाहीतर तीन सेटिंग एकदम बदलून बसाल आणि नेमकं कशामुळे सुरू झालं ते कधीच कळणार नाही.

पायरी 1: रस्ता सापडत नाही, की दार बंद आहे?

विंडोजची खिडकी लांबलचक वाक्यं दाखवते, त्यातून फारसा बोध होत नाही. त्यापेक्षा कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'नेट यूज' या आज्ञेपुढे फोल्डरचा पत्ता द्या, म्हणजे \\192.168.1.20\फोटो असा काहीतरी. आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. जोडणी झाली नाही तर एक आकडा मिळतो, आणि तो आकडा कामाचा असतो.

53 आला, किंवा खिडकीत 0x80070035 दिसलं, तर लॅपटॉप नॅसपर्यंत पोचलेलाच नाही. परवानग्यांशी याचा संबंध नाही. 1326 किंवा 86 म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकतोय. 5 म्हणजे नॅसने तुम्हाला ओळखलं, पण आत यायला मनाई केली. 1219 म्हणजे याच लॅपटॉपवरून तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने आत गेलेले आहात. 1272 म्हणजे तुम्ही पाहुणा म्हणून जाऊ बघताय आणि खुद्द विंडोजच अडवतंय.

53 वाल्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. लॅपटॉप चुकून राउटरच्या गेस्ट वायफायवर तर नाही ना? गेस्ट वायफाय मुद्दाम घरातल्या बाकीच्या उपकरणांपासून तोडलेलं असतं. दुसरं म्हणजे घरात दोन राउटर आहेत का. जिओफायबरचा राउटर सहसा 192.168.29 ने सुरू होणारे पत्ते देतो, आणि आपण मागच्या खोलीसाठी जोडलेला दुसरा राउटर 192.168.0 किंवा 192.168.1 चे. लॅपटॉप एका वस्तीत आणि नॅस दुसऱ्या, मग भेट होणार कशी? दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो स्वतःचे पत्ते न वाटता नुसतं वायफाय पुरवेल. राउटरमध्ये नॅससाठी एक पत्ता कायमचा राखूनही ठेवा, नाहीतर वीज गेली-आली की पत्ता बदलायचा आणि शोध पुन्हा पहिल्यापासून.

पायरी 2: नॅस तुम्हाला कोण समजतोय?

इथे जरा रेंगाळू या, कारण खरी मेख इथे आहे.

बाबांचा लॅपटॉप नुकताच फॉरमॅट होऊन आला होता. 'फोटो' फोल्डर उघडत होता, लग्नाचे अल्बम दिसत होते, पण एखादा फोटो सेव्ह करायला गेलं की नकार. मी फोल्डरच्या परवानग्या पाहिल्या. बाबांच्या नावापुढे वाचणे-लिहिणे दोन्ही व्यवस्थित होतं. अर्धा तास त्याच पानावर गेला. शेवटी नॅसवर सध्या कोण जोडलेलं आहे याची यादी उघडली. बाबांच्या लॅपटॉपच्या पत्त्यासमोर नाव होतं 'गेस्ट'.

झालं असं होतं. नेटवर्कवरचा फोल्डर उघडताना विंडोज लगेच पासवर्ड विचारत नाही. आधी ते तुम्ही लॅपटॉपवर ज्या नावाने लॉगिन झाला आहात तेच नाव आणि तोच पासवर्ड गुपचूप पुढे करतं. बाबांचं विंडोजचं लॉगिन म्हणजे त्यांचा ईमेल पत्ता. त्या नावाचा यूजर नॅसवर नव्हता. नॅसवर गेस्ट खातं चालू असेल, तर अनोळखी नाव आलं की काही नॅस सरळ "चला, पाहुणा समजू" म्हणून आत घेतात. पासवर्डची खिडकी येतच नाही, त्यामुळे माणसाला वाटतं की आपण आपल्याच नावाने आत आहोत. 'फोटो'वर गेस्टला फक्त बघायची परवानगी होती, ती मीच कधीतरी टीव्हीसाठी दिली होती. फॉरमॅट करण्याआधीच्या विंडोजमध्ये नॅसचा पासवर्ड साठवलेला होता, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत चालायचं.

तेव्हा सगळ्यात आधी ती यादी शोधा. सिनॉलॉजी या कंपनीच्या नॅसवर ती रिसोर्स मॉनिटरमधल्या जोडण्यांच्या भागात मिळते. रास्पबेरी पायसारख्या छोट्या लिनक्स मशिनवर सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला वाटून देणारा प्रोग्रॅम) चालवत असाल, तर 'एसएमबीस्टेटस' ही आज्ञा तेच सांगते. तक्रार असलेल्या लॅपटॉपवर फोल्डर उघडा ठेवून यादी बघायची. समोर कोणतं नाव आहे? तिथे भलतंच नाव असेल, तर परवानग्यांचं पान उघडायची गरजच नाही.

भलतं नाव काढायचं असं. लॅपटॉपवर नॅसच्या सगळ्या खिडक्या बंद करा. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शिअल मॅनेजरमध्ये जा, विंडोज क्रेडेन्शिअल्स उघडा आणि नॅसच्या नावाने किंवा आयपी पत्त्याने असलेली प्रत्येक नोंद काढून टाका. दोन्ही शोधा हं, एकाच नॅसच्या दोन नोंदी असणं अगदी नेहमीचं आहे. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज * /डिलीट द्या, म्हणजे उघड्या जोडण्या तुटतील. एवढ्यावर भागलं नाही तर लॅपटॉप रीस्टार्ट करा. यात कमीपणा काही नाही, विंडोज जुनी जोडणी बराच वेळ धरून बसतं.

आता पुन्हा जोडा. 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा, आणि 'कनेक्ट यूजिंग डिफरंट क्रेडेन्शिअल्स' या चौकोनात टिचकी द्यायला विसरू नका. इथे नॅसवरचं नाव आणि नॅसवरचा पासवर्ड द्यायचा. लॅपटॉप उघडताना टाकता तो चार-सहा आकडी पिन इथे चालत नाही, तो त्या लॅपटॉपपुरताच असतो. बाबांना हे पटवायला मला चहाचा एक कप लागला.

1219 आलं तर कारण ठरलेलं आहे: विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. तुम्ही सकाळी ॲडमिन म्हणून काही फाइल हलवल्या असतील, तर त्याच खिडकीच्या शेजारी साध्या नावाने जाता येणार नाही. जुनी जोडणी तोडा आणि पुन्हा जोडा. घाईत एक पळवाटही आहे: एकदा नॅसच्या नावाने जोडा आणि एकदा आयपी पत्त्याने. विंडोज त्यांना दोन वेगळे सर्व्हर समजतं. तात्पुरतं ठीक आहे, पण त्याची सवय लावून घेऊ नका.

1272 बद्दल. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रो मध्येही पासवर्डाविना पाहुणा म्हणून जाणं मुळातच बंद आहे. ते पुन्हा चालू करायचे उपाय इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. नॅसवर त्या माणसाचं खातं उघडायला दोन मिनिटं लागतात.

मॅकवर हे जरा उघडपणे घडतं. फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून पत्ता दिला की 'गेस्ट' की 'रजिस्टर्ड यूजर' असं तो विचारतो. जुनं नाव चिकटून बसलं असेल तर कीचेन ॲक्सेस या मॅकच्या पासवर्डांच्या कपाटातली नॅसची नोंद काढा आणि फाइंडरमधून ड्राइव्ह इजेक्ट करून पुन्हा जोडा.

पायरी 3: गेटवरचा वॉचमन आणि फ्लॅटचं कुलूप

नाव बरोबर आहे आणि तरी आकडा 5 येतोय? आता परवानग्यांकडे वळा.

परवानग्यांचे दोन थर असतात. पहिला शेअरचा: या शेअर्ड फोल्डरमध्ये नेटवर्कवरून कोणी यायचं. दुसरा डिस्कवरच्या फाइल आणि फोल्डरचा. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने सोडलं म्हणून कोणाच्या फ्लॅटमध्ये शिरता येत नाही, आणि फ्लॅटची चावी खिशात असली तरी वॉचमनने अडवलं तर खालीच थांबावं लागतं. दोघांचा होकार हवा. दोन्हींत जो नियम जास्त कडक, तोच चालतो. म्हणून शेअरवर 'वाचणे-लिहिणे' दिसत असूनही लिहिता येत नसेल, तर आतल्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन दुसरा थर बघायचा.

ग्रुपची भानगड वेगळी. माणूस दोन ग्रुपमध्ये असला आणि दोघांचे नियम भिडले तर काय? सिनॉलॉजीचा क्रम असा: 'नो ॲक्सेस' सगळ्यांवर भारी, त्याखाली वाचणे-लिहिणे, शेवटी फक्त वाचणे. आईला मी 'घर' आणि 'पाहुणे' अशा दोन्ही ग्रुपमध्ये टाकलं होतं, आणि एका फोल्डरवर 'पाहुणे'ला 'नो ॲक्सेस' दिलं होतं. आईच्या नावापुढे वाचणे-लिहिणे असूनही तिला तो फोल्डर उघडेना. यातून एक गोष्ट पक्की समजली: रकाना रिकामा ठेवणं वेगळं आणि 'नो ॲक्सेस'वर टिचकी देणं वेगळं. रिकामा म्हणजे 'मी काही बोलत नाही, दुसऱ्याने दिलं तर मिळू दे'. 'नो ॲक्सेस' म्हणजे कोणी काहीही देवो, नाही म्हणजे नाही. घरात 'नो ॲक्सेस' शक्यतो वापरूच नका. रिकामा रकाना पुरतो.

पायरी 4: एकच फाइल अडून बसलीये

फोल्डरमधल्या बाकी सगळ्या फाइल उघडतात, फक्त चार-पाचच हटून बसतात. ही तक्रार ऐकली की मी विचारतो, "त्या फाइल कुठून आणल्या?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं: माझ्या खासगी फोल्डरमधून इकडे हलवल्या.

फाइल कॉपी केली की नवी फाइल जन्माला येते, आणि ती नव्या घराचे नियम घेते. एकाच डिस्कवर 'मूव्ह' केली की फाइल तीच राहते, आणि बऱ्याचदा जुन्या घराचे नियम सोबत घेऊन येते. खासगी फोल्डरमधली फाइल 'फक्त मालकाला' या नियमासकट सामायिक फोल्डरमध्ये येऊन बसते. यादीत सगळ्यांना दिसते, उघडते एकट्यालाच.

उपाय म्हणजे वरच्या फोल्डरचे नियम खाली लागू करणे. सिनॉलॉजीत फाइल स्टेशनमध्ये फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडा, परमिशनच्या टॅबवर जा आणि 'ॲप्लाय टू धिस फोल्डर, सब-फोल्डर्स अँड फाइल्स' निवडा. तिथेच परमिशन इन्स्पेक्टर आहे. माणसाचं नाव निवडलं की त्याला प्रत्यक्षात काय काय करता येतं ते दिसतं, आणि बरीचशी अटकळबाजी वाचते. नियम मात्र ज्या फोल्डरचं दुखणं आहे तिथेच लागू करा. सगळ्यात वर जाऊन केलंत तर ज्याचे-त्याचे खासगी फोल्डरही सगळ्यांना उघडे होऊन बसतील.

रास्पबेरी पायवाल्यांसाठी

स्वतः सांबा बसवणाऱ्यांना आणखी तीन खड्डे आहेत. (सांबा हे नाव कुठून आलं? विंडोजच्या नेटवर्कवरून फाइल वाटायच्या पद्धतीला एसएमबी म्हणतात; अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने एस, एम, बी ही अक्षरं ज्यात आहेत असे शब्द शब्दांच्या यादीत शोधले, त्यातला हा एक.)

पहिला खड्डा पासवर्डचा. लिनक्समध्ये यूजर तयार केला म्हणजे सांबाला तो माहीत झाला असं नाही. सांबाचं पासवर्डांचं खातं वेगळं असतं. 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या आज्ञेला -ए लावून प्रत्येकाला तिथे पुन्हा नोंदवावं लागतं. दुसरा: शेअरवर काही लिहिलं नाही तर सांबा तो 'रीड ओन्ली' धरतो. सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'रीड ओन्ली' पुढे 'नो' लिहा आणि 'टेस्टपार्म' चालवून चूक राहिली नाही ना ते बघा.

तिसरा खड्डा खोल आहे. यूएसबी डिस्क लावली की ती आपोआप मीडिया फोल्डरखाली, लॉगिन झालेल्या यूजरच्या नावाच्या फोल्डरात जोडली जाते. त्या मधल्या फोल्डरात दुसऱ्या कोणालाच शिरता येत नाही. लिनक्समध्ये आतल्या फोल्डरपर्यंत पोचायचं तर वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर 'एक्झिक्यूट'ची, म्हणजे ओलांडून जायची, परवानगी लागते. आत 777, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क, दिलं तरी वाटेतलं दार बंदच. डिस्क 'एसआरव्ही' किंवा 'एमएनटी' या फोल्डरखाली जोडा, घरच्यांचा एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करा आणि परवानगी 2770 द्या. पुढचा तो 2 महत्त्वाचा: त्याच्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइलही त्याच ग्रुपची होते. पण फाइलवर ग्रुपला लिहिण्याचा हक्क मिळण्यासाठी सांबाच्या शेअरमध्ये 'क्रिएट मास्क' 0660 आणि 'डिरेक्टरी मास्क' 2770 हेही लागतं.

एनएफएस ही लिनक्सकडची फाइल वाटायची पद्धत वापरत असाल तर तिथे यूजरच्या नावाऐवजी त्याचा आकडा चालतो. उबुंटूचा पहिला यूजर 1000, मॅकचा 501, सिनॉलॉजीवरचा पहिला 1026. एकच माणूस, तीन आकडे, आणि प्रत्येकाच्या लेखी तो परका. नवशिक्यांनी घरात एसएमबीच वापरावं.

परवानगीचा मुखवटा घातलेली दुखणी

कधी कधी संदेश परवानगीचा असतो आणि आजार दुसराच. डिस्क भरली असेल, किंवा डिस्कमध्ये बिघाड होऊन नॅसने तिला फक्त-वाचा अवस्थेत टाकलं असेल, तर एकाही माणसाला लिहिता येत नाही. सगळ्यांचं एकदम बंद पडलं की परवानग्या सोडून आधी डिस्कची तब्येत बघा. एक्सेलची फाइल 'रीड ओन्ली' उघडत असेल तर घरात दुसऱ्या कोणीतरी ती उघडी ठेवली आहे का ते विचारा. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालवलेल्या बॅकअपच्या प्रोग्रॅमला तुम्ही जोडलेली झेड ड्राइव्ह दिसत नसेल, तर तिथे झेड सोडून फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या. आणि राउटरच्या मागे लावलेली डिस्क एक्सफॅट या साध्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल, तर त्या डिस्कवर माणसागणिक परवानगी ठेवायची जागाच नसते. तिथे गेटवरचा वॉचमन तेवढा असतो, कुलूप नाही.

मराठीत नावं देणाऱ्यांसाठी आणखी एक. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसवर फाइलच्या नावाची मर्यादा सहसा 255 बाइटची असते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, अनुस्वार, पायमोड सगळं वेगवेगळं मोजलं जातं. म्हणजे एकूण 85 चिन्हं. सिनॉलॉजीच्या एनक्रिप्टेड शेअर्ड फोल्डरमध्ये तर मर्यादा 143 बाइटची, म्हणजे जेमतेम 47 चिन्हं. 'आजीच्या पंचाहत्तरीचा कार्यक्रम गच्चीवर सगळे भाऊबंद जेवायला बसलेले' हे नाव एक्स्टेन्शन सोडून 181 बाइटचं होतं. साध्या फोल्डरमध्ये बसतं, एनक्रिप्टेडमध्ये अडतं. फाइल जात नाही म्हटल्यावर माणूस परवानग्या तपासत बसतो. 'आजी 75 गच्ची' एवढं लिहिलं की चाललं.

मग घडी कशी बसवावी

घरातल्या प्रत्येक माणसाचं वेगळं खातं. ॲडमिनचं खातं फक्त सेटिंग बदलण्यापुरतं, रोजच्या वापराला नाही. परवानग्या माणसांना न देता ग्रुपना द्यायच्या: 'घर'ला वाचणे-लिहिणे, सुट्टीत येणाऱ्या भाचरांच्या 'पाहुणे' ग्रुपला फक्त वाचणे. टीव्हीसाठी स्वतंत्र खातं, तेही फक्त वाचायचं. गेस्ट बंद.

जुना टीव्ही एसएमबी 1, म्हणजे एसएमबीची जुनाट आवृत्ती, मागत असेल तर त्याला डीएलएनएवरून (टीव्हीला फोटो-व्हिडिओ दाखवायची वेगळी सोय) फोटो दाखवा. मे 2017 मध्ये जगभर पसरलेलं वॉनाक्राय हे खंडणीखोर व्हायरस याच एसएमबी 1 मधल्या भोकातून शिरत होतं, आणि विंडोज 10 च्या 1709 आवृत्तीपासून एसएमबी 1 मुळात बंदच येतं. टीव्हीच्या सोयीसाठी एसएमबी 1 उघडू नका. एखाद्या लॅपटॉपमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरलाच, तर त्या लॅपटॉपच्या खात्याला जिथे-जिथे लिहिता येतं तिथल्या फाइल तो कुलूपबंद करू शकतो. 'एव्हरीवन'ला सगळे अधिकार दिलेल्या घरात याचा अर्थ पंधरा वर्षांचे सगळे फोटो.

शेवटची तपासणी

दुरुस्त झालं की नाही ते स्वतःच्या लॅपटॉपवरून ठरवू नका, तिथे तुम्ही बहुधा ॲडमिन असता आणि सगळं उघडतंच. ज्याची तक्रार आहे त्याच्याच लॅपटॉपवर बसा. 'चाचणी' नावाची टेक्स्ट फाइल तयार करा, तिचं नाव बदला, मग ती पुसा. तिन्ही वेगवेगळी पाहायची, कारण काही सेटिंगमध्ये फाइल तयार करता येते पण पुसता येत नाही. मग लॅपटॉप रीस्टार्ट करून तेच पुन्हा करा, म्हणजे पासवर्ड नीट साठवला गेलाय का ते कळेल. आणि नॅसवरची ती जोडण्यांची यादी एकदा बघा. आमच्याकडे आता बाबांच्या लॅपटॉपच्या पत्त्यासमोर 'बाबा' असं नाव येतं.